एकवीस नंबरचं दुखणं

१

बुधवारी सकाळी बेलैदने माझ्या दुकानासमोर तीनचाकी थांबवली आणि मागची इलेक्ट्रिक सायकल खाली ढकलून दिली. उतरवली नाही, ढकलली. माझ्या नवऱ्याने तारूदान्त शहराच्या तटबंदीला टेकून हे दुकान टाकलं त्याला चाळीस वर्षं झाली, या उंबऱ्यावर सायकल अशी कुणी आपटली नव्हती. मी तोंड उघडणारच होते, तेवढ्यात त्याच्या बाह्यांवरची माती दिसली. कबरीची माती.

"लल्ला तूदा," मोठ्या बाईला घालतात तशी मानाची हाक घालून तो म्हणाला, "काल माझी बायको गेली. ईज्जा. पोर बाहेर आलं, मुलगी आहे, ती बरी आहे. पण ईज्जाचं रक्त थांबेना. सकाळी आठला आईने यामना सुईणीला फोन केला होता. ती या सायकलवर निघाली. गाव दोन किलोमीटर राहिलं आणि हिने जीव सोडला. आधी हिने, मग ईज्जाने."

गल्लीतली माणसं जमायला वेळ लागत नाही. समोरचा बीही, पेट्रोलच्या मोपेडी दुरुस्त करणारा, हात पुसत पुढे आला. माझा मुलगा इद्दर मोबाईल खिशात घालून दारात उभा राहिला. आणि माझी सून कल्तूम हातात पाना घेऊन आतून आली. ती सायकल तिने ओळखली. सोमवारी तिनेच तिचं मागचं टायर बदललं होतं.

मी सायकल उभी केली, मागचं चाक उचलून धरलं, डिस्प्ले चालू केला आणि पायडल फिरवलं. मोटर गुरगुरली. पाच-सहा श्वासांपुरती चालली आणि गप्प झाली. डिस्प्लेवर आकडा आला. एकवीस.

मला त्या काळी अक्षरं येत नव्हती. आकडे येत होते. मी खाली वाकून मागच्या चाकाच्या तारा पाहिल्या. एका तारेवर द्राक्षाएवढं चुंबक असतं. ते दर फेरीला सेन्सरसमोरून जातं, तेव्हाच सायकलला कळतं की आपण चालतोय. चुंबक जागेवर नव्हतं.

"कल्तूम!" मी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले. "हे बघ. तुझ्या हातचं एकवीस!"

"मी ते घट्ट केलं होतं, लल्ला."

"घट्ट केलं होतंस तर गेलं कुठं? पंख फुटले त्याला?"

"मी घट्ट केलं होतं," ती पुन्हा म्हणाली. हळू. तिचा आवाज चढत नाही, हा तिचा दोष मी दहा वर्षं मोजत आले होते.

मी पुढे झाले, तिच्या गळ्यातली दुकानाची किल्ली दोरीसकट काढून घेतली आणि माझ्या गळ्यात घातली. सगळ्यांसमोर.

बेलैदने ते पाहिलं. मग म्हणाला, "शुक्रवारी नमाजानंतर अंमलदार इथे येणार आहेत. कुणाच्या हाताने माझं घर बुडालं, ते त्यांच्यासमोर ठरेल."

दुपारपर्यंत कल्तूमच्या भावांना निरोप गेला होता. तेही शुक्रवारी येणार होते. त्यांच्या बहिणीवर खुनाचं बोट उठलं होतं, आणि ते बोट तिच्या सासूचं होतं.

२

सायकली आमच्या गल्लीत नव्या नाहीत. तारूदान्तमधली मुलगी वयात आली की सायकलवर बसते. माझी आई बसायची, मी बसते. पण मोटरवाल्या तीन सायकली बायकांच्या संस्थेने सुईणींना दिल्या, आणि त्यांची देखभाल माझ्याकडे आली. बीहीकडे नाही, माझ्याकडे. त्याचा जळफळाट अजून गेलेला नाही.

सायकली आल्या तेव्हा कल्तूमने त्यांच्याबरोबरच्या माहितीच्या वह्या वाचल्या आणि मला आकडे सांगितले. मी ते पाठ केले आणि तिघी सुईणींना दुकानात बसवून शिकवले. सहा म्हणजे बॅटरी उपाशी. दहा म्हणजे मोटर तापली, झाडाखाली बस, पाणी पी, तिलाही गार होऊ दे. तीस म्हणजे वायरचा सांधा सुटला, दाबून बसव. आणि एकवीस म्हणजे चुंबक. ते सरकलं असेल तर सरकव, पडलं असेल तर मागे बघत जा.

"आणि एकवीस आलं तरी रडायचं नाही," मी त्यांना बजावलं होतं. "मोटर थांबते, सायकल थांबत नाही. सायकल मुळात पायांची आहे. मोटर पाहुणी आहे."

भीती जावी म्हणून मी तिघींकडून ते चुंबक स्वतःच्या हाताने काढवून परत बसवून घेतलं. दोघींच्या हातून स्क्रू दोनदा खाली पडला. त्या दूर डोंगरावरच्या गावांत असतात, वर्षातून एकदा खाली येतात. तिसरी यामना. तिने आपल्या पेटीतली कात्री काढली, तिच्या टोकाने स्क्रू फिरवला आणि चुंबक तळहातावर ठेवून माझ्यापुढे धरलं.

"एवढंसंच?" ती हसली होती. "तूदा, पोराची नाळ याहून कठीण असते."

यामना माझी चाळीस वर्षांची मैत्रीण. इद्दर तिच्याच हातात जन्मला. बुधवारी दुपारी ती दुकानात आली तेव्हा एका दिवसात दहा वर्षांनी म्हातारी दिसत होती.

"नदीच्या कोरड्या पात्रापर्यंत नीट आले गं," ती सांगू लागली. "नऊ किलोमीटर. मोटर कशी गाणं म्हणत होती. कण्हेरीच्या झुडपांपाशी एकदम गप्प. बघते तर एकवीस. वाकून पाहिलं, चुंबक नाही. मागे किती शोधू? फोनला रेंज नाही."

"पायडल मारायचं होतंस."

"साठी उलटली माझी! ती सायकल खेचराएवढी जड. मोटर गेल्यावर शंभर पावलं नेववेना मला." तिने डोळे पुसले. "कल्तूमला फार बोलू नकोस. लेकराच्या हातून चूक झाली."

मी तिला चहा पाजला. पुदिना जास्त घालून, तिला आवडतो तसा. तिने कल्तूमची बाजू घेतली म्हणून माझे डोळे भरून आले, हेही लिहून ठेवते. आपला मूर्खपणा लपवण्याचं माझं वय गेलं.

३

गुरुवारी सकाळी मी खडू घेतला.

माझ्या दुकानाच्या आतल्या भिंतीवर प्रत्येक गिऱ्हाइकाची खूण असते. नाव लिहिता येत नव्हतं, म्हणून मी चित्र काढत असे. बेकरीवाल्याची भाकरी, मास्तरांचा चष्मा, यामनाचा उघडा हात. चित्राखाली सायकल परत देताना डिस्प्लेवर जेवढे किलोमीटर असतील तो आकडा. सायकल पुन्हा आली की त्याखाली नवा आकडा. नवऱ्यापासूनची शिस्त म्हणा. पूर्वी आम्ही टायरची झीज नखाने मोजायचो, आता आकडा आहे.

बुधवारच्या गोंधळात ते राहून गेलं होतं. हाताच्या चित्राखाली सोमवारचा आकडा होता, तेराशे सेहेचाळीस. मी डिस्प्ले चालू केला, तळाचा आकडा पाहिला आणि खडू टेकवला.

तेराशे सत्तेचाळीस.

मी पुन्हा पाहिलं. चष्मा पुसून पाहिलं. सत्तेचाळीसच.

दुकानापासून यामनाचं घर एक किलोमीटर. सोमवारी संध्याकाळी इद्दर ही सायकल चालवत तिच्याकडे पोचवून आला. तो झाला एक. मग तिच्या घरापासून कण्हेरीपर्यंतचे नऊ कुठे गेले?

मी स्टुलावर बसले. किलोमीटर मोजायचे तेही त्याच चुंबकाने. चुंबक नसेल तर चाक जगभर फिरलं तरी आकडा हलत नाही. म्हणजे यामना म्हणते तसं चुंबक नवव्या किलोमीटरला पडलं असतं, तर इथे तेराशे छप्पन्न दिसायला हवे होते. चुंबक तिच्या अंगणातच गेलं होतं. सायकल निघायच्या आधीच.

मी चाकापाशी गुडघे टेकले. कालपासून नुसती नसलेली वस्तू पाहत होते, आता तिची जागा पाहिली. तारेवर, जिथे चुंबक बसतं तिथे, एक लाल रेघ होती. नखं रंगवायच्या रंगाची. अर्धीच रेघ, कडेला सुरीने कापल्यासारखी सरळ.

"कल्तूम," मी हाक मारली. ती स्वयंपाकघरात सातूचं पीठ मळत होती. किल्ली गेल्यापासून तिने दुकानात पाऊल ठेवलं नव्हतं. "ही लाल रेघ काय आहे?"

ती दारातच उभी राहिली. "मी प्रत्येक स्क्रू घट्ट केला की त्याच्यावरून तारेपर्यंत रंगाची रेघ ओढते. स्क्रू सैल झाला तर रेघ मोडते, कळतं. चुंबक घसरत गेलं तर रंग तारेवर फासला जातो."

"हा फासला गेलेला नाही."

"नाही. कुणीतरी स्क्रू उघडून सरळ उचललंय."

"मग काल बोलली का नाहीस, भवाने?"

"काल तुम्ही विचारलंत का?" ती म्हणाली आणि पिठाकडे परत गेली.

४

अंगणात सायकल कुणाकुणाच्या हाताखाली होती? पहिला माझाच मुलगा. त्याचं नाव आधी घ्यायला माझी जीभ जड झाली, पण घेतलं. इद्दरला हे दुकान विकायचं होतं. बीही दोन वर्षं त्याच्या कानाला लागला होता, आणि आडवी येत होती ती त्याचीच बायको. सुनेचं नाव बुडालं की दुकान सुटलं.

तो ओट्यावर ऑलिव्ह खात बसला होता. मी सायकल त्याच्यापुढे आणली.

"इद्दर, एकवीस म्हणजे काय रे?"

"आता माझी परीक्षा घेतेस का, आई?"

"घेते. जन्म दिला तेव्हा फी घेतली नाही. सांग."

त्याने मोबाईल काढला, बोट वरखाली केलं. "हे बघ. एकवीस, बॅटरीकडून येणाऱ्या विजेत बिघाड." आणि बोट बॅटरीवर ठेवलं.

मला हसू आलं. त्या दोन दिवसांतलं तेवढंच. प्रत्येक कंपनीच्या डिस्प्लेचे आकडे वेगळे. एकीचं एकवीस दुसरीच्या गावचं नसतं. हा दुसऱ्याच कंपनीची यादी वाचत होता. दहा वर्षं दुकानात वावरून माझ्या मुलाला हे ठाऊक नव्हतं. आई म्हणून मला लाज वाटली, आणि आई म्हणूनच जीव भांड्यात पडला. ज्याला दुखणं कुठे राहतं हेच माहीत नाही, तो ते पेरणार कसा?

"सोमवारी पोचवलीस तेव्हा डिस्प्लेवर काही होतं?"

"काही नव्हतं. मजेत गेली. लल्ला यामनाने अंगणात लावून घेतली, मला बदामाचं अमलू चोपडून भाकरी दिली. दार आतून बंद केलं. अंगण तिचं, भिंत दोन पुरुष उंच. मी काय केलं असं वाटतंय तुला?"

"मला काय वाटतं ते विचारू नकोस. स्वतःची बायको मान खाली घालून बसलीय, तिला काय वाटतं ते कधी विचारलंस?"

तो उठून गेला. बियांची वाटी तिथेच.

मग बीही. माझ्याकडे यायला त्याला निमित्त लागत नाही, मी फक्त सायकल दाराशी लावली.

"शेवटी माझंच खरं झालं की नाही, लल्ला?" तो कमरेवर हात ठेवून म्हणाला. "ही यंत्रं बायकांच्या हातातली नाहीत. संस्थेने माझ्याकडे दिली असती तर आज ती बाई जिवंत असती."

"असेल बाबा. तू शहाणा. मला एवढंच दाखव, एकवीसचं दुखणं कुठलं?"

त्याने मान तिरकी केली, मोटरवर थाप मारली, जशी तो मोपेडच्या इंजिनावर मारतो. "इथलं. आतली गुंडाळी जळलीय. उघडावी लागेल."

"जा, चहा थंड होतोय तुझा."

गाढव. पण निरपराध गाढव.

या गावात एकवीसचा अर्थ तिघांनाच माहीत होता. एक कल्तूम. तिला चुंबक काढायचंच असतं तर सोमवारी इथेच काढलं असतं, आणि मग इद्दर मजेत गेला नसता. दुसरी मी.

तिसरीला मी शिकवलं होतं.

५

खात्री करायला मी माझ्या साध्या सायकलवरून बेलैदच्या गावाच्या, तिग्मीच्या रस्त्याला लागले. सहाव्या किलोमीटरला संत्र्यांच्या बागा आहेत. तिथला राखणदार बा जमा कुंपणाशी काटे रचत होता.

"मंगळवारी यामना इथून गेली का?"

"गेली ना. साडेआठचा सुमार. बाई, काय दम त्या म्हातारीत! उभी राहून पायडल मारत होती. घामाने डोक्याचा रुमाल ओला. मोटरचा आवाज नाही, काही नाही. मी ओरडलो, 'लल्ला, बॅटरी संपली का? सामान इथे टाका, मी तीनचाकीने सोडतो.'"

"मग?"

"तिने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, 'चालू दे तुझं, मला घाई नाही.'" बा जमाने काटा खाली ठेवला. "तेव्हा मला वाटलं, नेहमीच्या फेरीला निघाली असेल. मला घाई नाही, म्हणाली. आता ते आठवलं की घास उतरत नाही."

मी पुढे कण्हेरीपर्यंत गेले. तिथून तिग्मीची घरं दिसतात. बेलैदच्या गच्चीवर वाळत घातलेली चादरसुद्धा दिसते. मी सायकलवरून उतरले, त्या झुडपांच्या सावलीत जमिनीवर बसले आणि समोर पाहत राहिले. मीही साठीची आहे. माझ्या सायकलला मोटर नाही. दोन किलोमीटर म्हणजे किती, ते मला कुणी सांगायला नको.

जी बाई नऊ किलोमीटर जड सायकल पायांनी ओढते, तिला पुढचे दोन का ओढवत नाहीत?

६

यामनाच्या अंगणात मी संध्याकाळच्या नमाजाआधी पोचले. ती गोधडीला टाके घालत होती. मला पाहून उठली, बसायला उशी सरकवली, चहाचं आधण ठेवलं. तिची मुलगी हनिया आतल्या खोलीच्या दारात दिसली, मला सलाम केला आणि आत गेली. पस्तिशीची पोर, पन्नाशीची दिसते.

हनिया कोण, ते इथे सांगते. हनिया ही बेलैदची पहिली बायको. सहा वर्षांत मूल झालं नाही म्हणून बेलैदच्या आईने तिची कपड्यांची पेटी रस्त्यावर फेकली आणि मागोमाग तिला. सगळ्या गावाला हे माहीत होतं. मलाही होतं. पण यामनाने त्यानंतरही शत्रूमित्र न बघता दीडशे बाळंतपणं केली होती. आम्ही समजलो, ती विसरली. जिचं दुखणं असतं तिला सोडून बाकीचे सगळे लवकर विसरतात.

"शंका घेऊन आलीस," यामना म्हणाली. "तुझ्या चालण्यावरून कळतं."

"आधी धागा काप, मग बोलू."

तिने पेटीतून कात्री काढली. तीच, नाळ कापायची. धागा कापला, कात्री खाली ठेवली. गोधडीवरची सुई टुणकन उठली आणि कात्रीच्या पात्याला चिकटली.

आम्ही दोघी त्या सुईकडे पाहत राहिलो. आधण उकळत होतं, ते कुणी उतरवलं नाही.

"लोखंड चुंबकाजवळ पडून राहिलं की त्याचा गुण घेतं," मी म्हणाले. "पेटीत कात्रीशेजारी काय ठेवलंयस, यामना?"

मग तिने पेटीत हात घातला आणि ते द्राक्षाएवढं चुंबक माझ्या तळहातावर ठेवलं. त्याच्यावर लाल रेघेचा उरलेला अर्धा तुकडा होता.

"फोनवर तीच होती," ती म्हणाली. "त्याच आवाजात. 'यामना, धावत ये, माझ्या घरात वंश येतोय.' माझ्या पोरीला वांझोटी म्हणणारं तोंड ते. माझं नाव घेताना अडखळलंसुद्धा नाही, तूदा. जसं काही झालंच नव्हतं."

"म्हणून मारायला निघालीस."

"नाही! हनियाची शपथ, नाही. पहिलटकरीण, वेळ लागणार हे मला ठाऊक होतं. म्हटलं, उशीर करू. तासभर. म्हातारीला दारात तडफडू दे. सायकल बिघडली म्हटलं की मला कोण बोलणार? आकडाच साक्ष देईल. निघताना काढलं आणि पेटीत टाकलं. वाटलं, वेळ आली की परत बसवीन. बसवायला किती लागतं? तूच तर शिकवलंस."

ते शेवटचं वाक्य तिने मला टोचायला म्हटलं नव्हतं. तरी टोचलं. आजही टोचतं.

"मग कण्हेरीपाशी बसलीस."

"बसले. त्यांची गच्ची दिसत होती. म्हटलं, आता पुरे, आता जाऊ. पेटी उघडली. चुंबक हातात घेतलं. आणि मला हनियाची पेटी दिसली रस्त्यात उलटी पडलेली. म्हटलं, अजून थोडं." तिने कात्रीवरची सुई ओढून काढली. "मग रुग्णवाहिका माझ्या समोरून गेली. तिच्यामागे जायला पाय उचलेनात. रक्त कसं थांबवायचं ते या हातांना माहीत आहे, तूदा. गोळ्या पेटीत होत्या. दोन किलोमीटरवर."

"आणि काल माझ्या दुकानात बसून माझ्या सुनेला माफी मिळवून देत होतीस."

तिने हातातली सुई गोधडीत खोचली.

मी उठले. आतल्या खोलीचं दार किंचित उघडं होतं आणि त्या फटीत हनियाच्या ओढणीचा काठ हलत नव्हता. सगळं ऐकलं होतं तिने.

"उद्या शुक्रवार," मी म्हणाले. "नमाजानंतर तू स्वतः येऊन सांगशील, नाहीतर मी सांगेन. तुझ्या तोंडून निघालं तर हनियाला पुढे या गावात मान वर करायला थोडी तरी जागा राहील."

चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी तिच्या घरचा चहा न पिता निघाले.

७

शुक्रवारी दुकानासमोर अंमलदार खुर्चीवर, बेलैद आणि त्याची आई एका बाजूला, कल्तूमचे दोघे भाऊ दुसऱ्या बाजूला. बीही जणू त्याच्याच घरचं लग्न असल्यासारखा पुढे. कल्तूम भिंतीशी उभी. तिच्या पायाशी तिची पेटी होती. मी ती पेटी पाहिली, पण म्हटलं, आता सगळं उलगडेल, मग ती पेटी मीच उचलून आत नेईन.

यामना आली. पायी आली, एकटी. तिने सगळं सांगितलं, जसं मला सांगितलं तसं, ना कमी ना जास्त. शेवटी बेलैदच्या आईकडे वळून म्हणाली, "तुझी नात मी पाहिली नाही. तुझ्या सुनेचं रक्त माझ्या मानेवर आहे. आणि माझ्या मुलीचं तुझ्या."

म्हातारीने तोंडावर पदर ओढून घेतला. बेलैद जागीच बसला, मातीत. अंमलदार यामनाला घेऊन गेले. गर्दीतल्या अर्ध्या माणसांना जगात आणणारे हात ते. वाट करून देताना कुणी त्या हातांना शिवलं नाही.

मी गळ्यातली किल्ली काढली.

"तुझा हात स्वच्छ निघाला, कल्तूम," मी मोठ्याने म्हणाले, जेवढ्या मोठ्याने बुधवारी ओरडले होते तेवढ्याच. "सगळ्यांनी ऐकलं. हे घे."

तिने किल्ली घेतली नाही. माझ्या दुसऱ्या हातातलं चुंबक घेतलं. सायकलपाशी बसली, ते तारेवर बसवलं, स्क्रू आवळला, खिशातून लाल रंगाची बाटली काढून नवी रेघ ओढली. पायडल फिरवलं. मोटर चालत राहिली. डिस्प्लेवर एकवीस आलं नाही. मग तिने हात पुसले.

"हात स्वच्छ आहे हे तुम्हाला चुंबकाने सांगितलं, लल्ला," ती म्हणाली. "भिंतीने सांगितलं, सुईने सांगितलं. मी बुधवारीच सांगितलं होतं. दोनदा."

"अगं, आकडा समोर होता..."

"आकडा सांगतो काय बिघडलं. कुणी बिघडवलं, हे आकडा सांगत नाही. ते तुम्ही स्वतःच्या मनाने वाचलंत. दहा वर्षं झाली, माझं नाव आधीच लिहून ठेवलं होतंत."

इद्दर तिथेच उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं, काहीतरी बोल, मेल्या, अडव तिला. तो मोबाईलकडे पाहत होता.

भावांनी पेटी तीनचाकीत ठेवली. कल्तूम त्यांच्याबरोबर बसली नाही. ती स्वतःच्या सायकलवरून गेली, तिने दुकानात उरलेल्या सुट्या भागांतून स्वतःच जोडलेल्या मोटरवाल्या सायकलवरून. तिच्या माहेरचं गाव अठरा किलोमीटर.

ती बसण्याआधी मी वाकून डिस्प्ले पाहिला होता. सवयच ती. आत जाऊन मी खडू घेतला. इतक्या वर्षांत मी भिंतीवर सुनेची खूण कधी काढली नव्हती. घरच्या माणसाची कशाला काढायची? काय काढावं सुचेना. शेवटी एक उभी रेघ ओढली, तिच्या लाल रेघेसारखी, आणि खाली आकडा लिहिला. दोन हजार एकशे नऊ.

त्यानंतर वह्या वाचून दाखवायला कुणी उरलं नाही म्हणून मी मशिदीतल्या वर्गात जाऊन अक्षरं शिकले. आता गिऱ्हाइकांची नावं लिहिते. जुनी चित्रं सगळी पुसली. यामनाचा हात पुसला.

ती रेघ आणि तिच्याखालचा आकडा तेवढा ठेवला आहे. त्याखाली दुसरा आकडा लिहायची जागाही सोडली आहे. पाच वर्षं झाली. जागा कोरीच आहे.